ऊसगाडीला ओव्हरटेक करताना कार समोर आली, धडक झाली नाही. साक्ष द्यायला जाऊ का?

आष्टेकर:
आष्ट्यात माझं खता-औषधांचं दुकान आहे. परवा संध्याकाळी सांगलीहून गाडीवरनं परत येत होतो. तुंग सोडल्यावर माझ्या पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. मी त्याच्या उजव्या चाकाच्या रेषेत होतो, म्हणून समोरचं दिसत होतं. मागनं एक पांढरी कार आली आणि मला आणि ट्रॅक्टरला एका दमात ओलांडायला निघाली. समोरनं एक आजोबा मोटारसायकलवर, मागं शाळेतली नात. आजोबांनी गाडी साइडपट्टीवर घेतली म्हणून वाचले, पण मुरमात पुढचं चाक सरकलं आणि दोघं पडले.

कार पुढं जाऊन थांबली. कारवाला उतरला तो आजोबांवरच ओरडत, "दिसत नाही तर गाडी कशाला चालवता?" जमलेली माणसं त्याच्याच बाजूनं बोलायला लागली. पोरगी मुरमात डब्याचं झाकण शोधत होती. मला राहवलं नाही. काकांचा लाईट चालू होता, ते आपल्या बाजूनंच होते, हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि काकांना नंबर दिला.

आज त्यांचा मुलगा दुकानात आला. तक्रार देतोय, तुम्ही सांगाल का म्हणाला. मला सांगायचंय. वडील म्हणतात, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. दुकान बंद ठेवून किती हेलपाटे पडतील? आणि धडकच नाही तर केस होते का?

कृष्णाकाठ (वकील, सांगली):
होते. भारतीय न्याय संहितेचं कलम 281 बेदरकार गाडी चालवण्याबद्दल आहे. माणसाच्या जिवाला धोका झाला एवढं पुरतं, गाडीला गाडी लागायलाच हवी असं नाही.

मदतीला थांबणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 134अ कलम आलं, 2020 मध्ये नियम झाले. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. स्वतःहून साक्षीदार झालात तर जबाब तुमच्या सोयीनं, घरी किंवा दुकानात, साध्या वेशातल्या पोलिसानं घ्यायचा असतो. ठाण्यात गेलात तर एकाच वेळी पूर्ण करायचा. पुढं कोर्टाचं समन्स आलं तर मात्र जावं लागेल, हे वडिलांना आत्ताच सांगून ठेवा.

मिरजेची सिस्टर:
आजोबांचं मनगट वगैरे दुखतंय का, आधी ते विचारा. हात टेकून पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं मनगट बऱ्याचदा मोडलेलं असतं. बोटं हलतात म्हणून मोडलं नाही, असं धरू नका. तेल लावून चोळू तर अजिबात नका. एक्सरे काढा आणि केसपेपरवर रस्त्यावरचा अपघात असं लिहून घ्या. "घरात पडले" असं एकदा लिहिलं गेलं की पुढं फार जड जातं.

अजिंक्यतारा:
माझा भाऊ शेंद्र्याजवळ हायवेवर असाच पडला होता, कट मारणारी गाडी निघून गेली. मागचा एक ट्रकवाला थांबला, त्यानं पाहिलेलं सांगितलं, नाहीतर सगळ्यांनी भावालाच दोषी धरलं होतं. दादा, आजच वहीत लिहून काढा: तुम्ही कुठं होतात, उजेड किती होता, कार कुठल्या बाजूला होती. वेग अंदाजानं सांगू नका, पाहिलं तेवढंच सांगा. रस्त्यावर पेट्रोल पंप असेल तर मुलाला उद्याच पाठवा, कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.

आष्टेकर:
सगळ्यांचे आभार. सिस्टर, मनगट सुजलंच होतं, एक्सरेत मोडलेलं निघालं. केसपेपर बदलून घेतलाय, आधी "घसरून पडले" एवढंच होतं. मुलाला हो म्हणून कळवलं. जबाब दुपारी दुकानातच द्यायचं ठरलंय, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. वहीतलं वडिलांना वाचून दाखवलं. ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, तेही लिही म्हणाले.