मदत हवी आहे: तेलकट वर्कशॉपमध्ये टिकणारे क्यूआर स्टिकर

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, सहा माणसांचं. टॅप (आटे पाडायचं हत्यार), ड्रिल, इन्सर्ट (कटिंगची बदलायची पाती), ओ-रिंग यांच्या डब्यांवर क्यूआर स्टिकर लावायला घेतलेत. मोबाइलने स्कॅन केलं की गूगल शीट उघडते. कोणी नेलं, किती उरलं ते तिथेच भरायचं. गेल्या महिन्यात एम८ चे टॅप कपाटात पडलेले असताना पुन्हा मागवले गेले, तेव्हाच हे ठरवलं.

अडला आहे तो स्टिकर. कुरिअरच्या पाकिटांवर असतो तसा साधा थर्मल कागद वापरला. कूलंटचा हात लागला की छपाई पुसट होते, पावसाळ्यात कडा सुटतात. एरर करेक्शन सर्वात वरच्या 'एच' पातळीवर ठेवून पाहिलं. त्यात सुमारे ३०% कोड खराब झाला तरी वाचता येतो, पण ठिपके इतके बारीक झाले की छोट्या डब्यावरचा कोड मोबाइल पकडतच नाही. आता लांब लिंकऐवजी फक्त वस्तूचा नंबर कोडमध्ये टाकावा, म्हणजे ठिपके मोठे राहतील, असं वाटतंय.

पॉलिस्टर लेबल आणि रेझिन रिबनची (उष्णतेने लेबलवर शाई उतरवणारी पट्टी) छपाई तेलात टिकते असं ऐकलंय. कोणी वर्षभर वापरलीय का? सातपूर किंवा शालिमारकडे थोड्या संख्येत छापून मिळतील का? आणि मुख्य म्हणजे, घाईच्या शिफ्टमध्ये माणसं नोंद न चुकता करतील यासाठी तुम्ही काय केलंत? आमचे टूलरूमवाले काका मनापासून करतात, पण ते रजेवर गेले की शीट कोरी राहते.