‘स्वयम’चे ४० टक्के क्रेडिट : मराठवाड्यातल्या कॉलेजांना आधार, की जागा न भरायला निमित्त?

गोदाकाठचा मास्तर
यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१च्या नियमाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करता येतात आणि त्यांचे क्रेडिट (श्रेयांक) आपल्याच गुणपत्रिकेत धरले जातात. आधी ही मर्यादा २० टक्के होती. कागदावर झकास. पण परभणी-हिंगोलीकडच्या अनुदानित कॉलेजांत काय चाललंय ते बघा. विभागात एक कायम प्राध्यापक, बाकी तासिका तत्त्वावरचे, त्यांचं मानधन कधी हातात पडेल ते देवच जाणे. अशा ठिकाणी संस्थाचालकाला ‘विषय ऑनलाइन आहे की’ म्हणायला आयतं कोलीत मिळालं. तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. रिकाम्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवून जागा भरल्याचं दाखवायला आहे.

लातूरची पोरगी
सर, तुमचा राग बरोबर आहे, पण तो चुकीच्या दारात काढताय. जागा २०२१च्या आधीही रिकाम्याच होत्या, तेव्हा कोणतं पोर्टल आडवं आलं होतं? माझ्या कॉलेजात डेटा सायन्स शिकवणारं कुणी नव्हतं आणि पुढची दहा वर्षं कुणी येणारही नव्हतं. ‘स्वयम’वरच्याच एनपीटीईएल या उपक्रमात आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, कोर्स फुकट, पैसे लागतात ते परीक्षेचे. मी दोन कोर्स केले. पुण्याला जाऊन खोलीभाडं भरायची ऐपत नसलेल्या पोरीला हा विषय दुसरा कोण देणार होता?

किनवटहून
ताई, तुम्ही केलंत, कौतुक आहे. आता आमच्या वर्गातलं सांगतो. असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री ११:५९. बऱ्याच पोरींच्या घरी फोन एकच आणि तो भावाच्या खिशात. भाऊ रानातून येतो, जेवतो, रील बघतो, तेव्हा कुठं दहा वाजता फोन मिळणार. त्यात लाईट गेली की टॉवरचा भरवसा नाही. व्हिडिओ इंग्रजीत, वेगही तसाच. मराठी लेखी रूपांतर काही कोर्सना मिळतं, पण ते आहे हे पोरींना सांगायचं कुणी? नाव नोंदवून मध्येच सोडणाऱ्यांची यादी मी दर सत्राला करतो, ती कुणाला नकोच असते.

नांदेडचा बाबू
सगळे पोर्टलवर बोलताय, नियम कुणी वाचला का? त्यात कॉलेजनं मार्गदर्शक समन्वयक नेमावा, संगणक, ग्रंथालय, प्रयोगशाळा विद्यार्थ्याला मोफत आणि पुरेशी द्यावी, असं स्पष्ट आहे. म्हणजे बुधवारी रात्री भावाच्या फोनची वाट बघायची पाळी येऊच नये, दुपारी कॉलेजच्या लॅबमधून असाइनमेंट टाकता आली पाहिजे. लॅबला कुलूप आणि चावी शिपायाच्या घरी, हा दोष दिल्लीचा नाही. आमच्याकडं समन्वयकाचं नाव आदेशावर आहे. त्यांना स्वतःला ते ठाऊक आहे का, हा वेगळा विषय.

गोदाकाठचा मास्तर
बाबूसाहेब, लाख बोललात. पण समन्वयक होणार कोण? तोच एकटा कायम प्राध्यापक! परीक्षा, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, एनएसएस आणि आता ऑनलाइन कोर्स, सगळं त्याच्याच डोक्यावर. फिरून मी तिथंच येतो, माणूस लागतोच.

एआयवाला
मास्तर, काळ पुढं गेला. आता चॅटबॉटला मराठीत विचारा, उदाहरण सोडवून दाखवतो, दहादा विचारलं तरी खेकसत नाही. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या पोरांना हे वरदान आहे.

किनवटहून
वरदान खरंच. असाइनमेंटचे २५ गुण पोरं त्याच्याकडूनच मिळवतात. पण ७५ गुणांची परीक्षा केंद्रावर बसून द्यायची असते, तिथं बॉट नेता येत नाही. मग निकाल लागला की आमच्याकडं येऊन विचारतात, सर, काहून नापास झालो?

लातूरची पोरगी
आणि वर्गातल्या शिक्षकाच्या नोट्स पाठ करून कितीजण पास होतात, तेही मोजा की! मी परीक्षेआधी माझ्या प्राध्यापकांना शंका विचारायला गेले, तर ते म्हणाले, हा विषय माझा नाही. हवं तर समन्वयक नेमा, जागा भरा, मी मोर्चात पुढं असेन. पण जागा भरेपर्यंत पोर्टल बंद ठेवा म्हणाल तर माझी सही मिळणार नाही.

बीडची आई
मी शिकलेली नाही, पोरगी बीएस्सीला आहे, तीच हे लिहून देतीय. परीक्षेची फी आधी घरून भरा म्हणतात, नंतर कॉलेज परत देईल म्हणे. मागच्या सत्राची अजून आली नाही. घरात कारखान्याची उचल फिटायची बाकी आहे. तुमच्यापैकी कुणाच्या कॉलेजनं फी परत दिली असेल तर अर्ज कुणाच्या नावानं करायचा तेवढं सांगा.

नांदेडचा बाबू
माय, अर्ज प्राचार्यांच्या नावानं करा, फीची पावती आणि निकालाची प्रत जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.