मदत हवी आहे: जकातीची भरपाई म्हणजे पालिकेचं स्वतःचं उत्पन्न का?

मंडळी, मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प वाचायला घेतलाय आणि जमेच्या बाजूलाच अडकलोय. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा पालिकेचा कर) गेली, मुलुंड-दहिसरचे जकात नाके बंद झाले, त्याबदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाई देतं, वर्षाला ८ टक्के वाढ धरून. इथवर कळलं. पण ही रक्कम पालिकेचं स्वतःचं उत्पन्न धरायची की अनुदान? मला तर अनुदानच वाटतं, दर ठरवणं पालिकेच्या हातात कुठंय!

शिवाय ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ (आमचंही त्यातच, तक्रार नाही). त्याची तूट सरकार भरून देतं, की विकास नियोजन शुल्क (बांधकाम परवानग्यांपोटी मिळणारं) आणि ठेवींच्या व्याजावर भागवतात? लेखा खात्यात काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा, नेमकं कुठलं लेखाशीर्ष (रक्कम ज्या नावाखाली नोंदतात ते) बघायचं तेही.