स्वस्तातला टाइप-सी हेडफोन अडॅप्टर सुचवा, दोन घेऊन झालेत

मंडळी, मदत हवी आहे. नवीन फोनला हेडफोनचं भोकच नाही. घेताना माहीत होतं, म्हटलं ब्लूटूथवर भागेल, पण नाही भागत. गाणी ऐकायला ठीक आहे हो, पण मी रात्री फोनवर पियानोचं अ‍ॅप उघडून थोडं वाजवत बसतो आणि त्यात बोट आधी पडतं, सूर मागून येतो, डोकं उठतं अक्षरशः. शिवाय वायरवाले दोन चांगले नग घरात पडून आहेत, एक साधे १६ ओहमचे इअरफोन आणि एक मोठे कान झाकणारे, २५० ओहमचे. ते टाकवत नाहीत.

पहिला अडॅप्टर अगदीच स्वस्तातला घेतला. मित्राच्या फोनला लावला तर मस्त चालला, माझ्या फोनला लावला तर ढिम्म, गाणं आपलं स्पीकरवरच चालू. म्हटलं माझ्याच फोनचं पोर्ट गेलं की काय. मग दुसरा आणला. हा चालतो, पण इअरफोन लावले की गाणं सुरू व्हायच्या आधीच बारीक स्स्स ऐकू येतं, आणि मोठे हेडफोन लावले तर आवाज फुल करूनसुद्धा शेजारच्या खोलीतून गाणं येतंय असं वाटतं. त्यात परत थोडा वेळ काही वाजवलं नाही की हा मेल्यासारखा पडतो, काढून घातला तरी उठत नाही.

आता तिसरा घ्यायचाय आणि परत फसायचं नाहीये. पाकिटांवर ३२ बिट ३८४ किलोहर्ट्झ वगैरे लिहिलेलं असतं त्याने खरंच काही फरक पडतो का? की सरळ कुठलाही उचलू? बजेट म्हणाल तर हेडफोनपेक्षा अडॅप्टर महाग नको एवढंच.

प्रतिसाद :
तुमचं पोर्ट शाबूत आहे आणि पहिला अडॅप्टरही खराब नाही, तो नुसती वायर आहे. काही फोन टाइप-सीच्या पिनांमधूनच तयार आवाज बाहेर सोडतात, त्यांना असा वायरवाला अडॅप्टर पुरतो. तुमचा फोन फक्त डिजिटल डेटा सोडतो, मग त्याचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, अडॅप्टरच्या पोटात असावी लागते. त्यामुळे घेताना वर्णनात डॅक हा शब्द शोधा, नसेल तर पुढे चला. मेल्यासारखा पडतो म्हणालात त्यासाठी सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला बाहेरची यूएसबी उपकरणं चालवू देणारी सोय) शोधा, काही फोनमध्ये ते हाताने चालू करावं लागतं आणि १० मिनिटं वापर नसला की आपोआप बंद होतं.

मी :
अरे देवा, ओटीजीच होतं! चालू केल्यावर लगेच उठला. आणि मी दोन आठवडे त्या बिचाऱ्याला शिव्या घालतोय. पण स्स्स आणि बारीक आवाज तसाच आहे.

प्रतिसाद :
दादा, ती दोन वेगळी दुखणी आहेत. इअरफोन नाजूक असतात, अडॅप्टरचा स्वतःचा बारीक आवाजसुद्धा पकडतात, तिथे जोर नको, शांत अडॅप्टर हवा. २५० ओहमवाल्याला मात्र व्होल्टेज लागतं, ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जास्त तितका रेटा जास्त. १ व्होल्टवर त्याला जेमतेम ४ मिलिवॅट मिळतात, २ व्होल्टवर १६. म्हणून बिट-किलोहर्ट्झ सोडा आणि आउटपुट किती व्होल्ट ते बघा. सीडी १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचीच असते आणि बरेच अँड्रॉइड फोन सगळं ४८ ला बदलून पाठवतात, ते ३८४ पाकिटावरच राहतं.

अ‍ॅपलचा छोटा अडॅप्टर लोक सुचवतील, तो आहेच छान आणि शांत, पण युरोपात विकला जाणारा अर्ध्या व्होल्टचा असतो, इतर ठिकाणचा १ व्होल्टचा. शिवाय बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आतला व्हॉल्युम पूर्ण उघडत नाही. यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो सारखं अ‍ॅप तो उघडतं, पण त्या अ‍ॅपपुरताच, तुमच्या पियानोला त्याचा काही फायदा नाही. तुमच्या जागी मी असतो तर सीएस४३१३१ नावाची डॅक चिप असलेला बघितला असता, जास्त ओहमच्या हेडफोनला ती चिप २ व्होल्टपर्यंत देते.

मी :
म्हणजे एकाच अडॅप्टरवर दोन्ही चालतील? आणि चार्जिंग चालू ठेवून ऐकता येईल का, कारण अडॅप्टर बॅटरी खातो असं वाचलं.

प्रतिसाद :
चालतील. इअरफोनला आवाज एकदम चढेल, आधी शून्यावर आणून मग लावा, कानाला जपा. बॅटरी खातो, पण फार नाही. चार्जिंगसाठी दुहेरी तोंडाचा अडॅप्टर मिळतो, त्यात कधीकधी चार्जरची घरघर कानात येते, मी तरी चार्ज करून मगच ऐकतो. आणि एक, आवाज पातळ वाटतोय म्हणून अडॅप्टर बदलणार असाल तर थांबा, ते काम इक्वलायझरचं, म्हणजे जाड-बारीक सूर कमीजास्त करणाऱ्या सेटिंगचं. वेव्हलेट अ‍ॅपमध्ये बऱ्याच हेडफोनची तयार सेटिंग आहेत, त्यात तुमचं मॉडेल सापडतं का बघा.

मी :
वेव्हलेटमध्ये मोठ्या हेडफोनचं मॉडेल सापडलं, इअरफोनचं नाही. सीएस४३१३१ वाला मागवलाय. पियानोत बोट आणि सूर एकत्र पडले की इथेच कळवतो. पहिला नुसत्या वायरवाला मित्राला देऊन टाकला, त्याच्याकडे तरी चालतो.