थार २४५/७५ आर१६ टायर: एसएल १११ काढून एलटी १२०/११६ घालावेत का?

केपेंचो_थारवालो
महिंद्रा थार २०२१, डिझेल, १६ इंची रिम. जुन्या टायरवर २४५/७५ आर१६ १११एस छापलंय. गोटा व्हायच्या आत पाचही बदलायचे आहेत. आठवडाभर केपे–मडगाव डांबर. सुट्टीला नेत्रावळी, सांग्याकडचे जुने खाणरस्ते, जांभ्याची खडी, पावसात चिखल.

दुकानदाराकडे दोन पर्याय आहेत. एक, त्याच मापाचा एसएल (स्टँडर्ड लोड, साधा गाडीचा टायर), १११. दुसरा एलटी (लाइट ट्रक), लोड रेंज म्हणजे भाराचा वर्ग ई, दहा प्लाय, १२०/११६. त्याचं म्हणणं, "आकडा मोठा तो घ्या, हवा नेहमीसारखी ३२ ठेवा." वजनकाट्यावर दोन्ही एक्सल वेगवेगळे करून घेतलेत. चार माणसं, टाकी फुल्ल, सामान धरून पुढे १०४० किलो, मागे ११६० किलो. मोठा आकडा घेतला की काम झालं का?

रबर_पात्रांव
नाही. "१२० घ्या आणि ३२ हवा ठेवा" ही दोन वाक्यं एकत्र बसतच नाहीत.

लोड इंडेक्स हा तक्त्यातला क्रमांक असतो. १०८ म्हणजे १००० किलो, १११ म्हणजे १०९०, १२० म्हणजे १४००, सगळं एका टायरला. पण तो भार ठरावीक हवेलाच मिळतो. तुमचा एसएल १०९० किलो ३६ पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) उचलतो. एलटी ई १४०० च्या घरात जातो तो ८० पीएसआयला! याच मापाच्या एलटीचा तक्ता साधारण असा आहे:

३५ पीएसआय – ७७० किलो
४० – ८४५
४५ – ९२०
५० – १०००

बहुतेक तक्ते ३५ च्या खाली जातच नाहीत. म्हणजे ३२ हवेला हा "दमदार" टायर तुमच्या जुन्या एसएलपेक्षा कमी भार घेतो. कमी हवेत जाड साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) वाकत राहते, आतून तापते, शेवटी पट्टे सुटतात किंवा खांद्याला फुगा येतो. बाहेरून टायर ठणठणीत दिसतो, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

१२०/११६ मधला दुसरा आकडा मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांसाठी असतो. थारला त्याचा उपयोग नाही.

नियम असा: दारावरच्या स्टिकरवरच्या हवेला मूळ टायर जेवढा भार घेत होता, तेवढा नव्यानेही घेतला पाहिजे. समजा स्टिकरवर ३० आहे. ३० ला एसएल १११ साधारण ९४० किलो घेतो. एलटीला तेवढ्यासाठी ४६–४७ हवा लागेल. स्टिकर बघा आणि त्यावरून ठरवा.

घाटवाट
पात्रांव, नियम बरोबर, पण ४६ हवेवर केपे–मडगाव केलं तर खड्डेच सांगतील कुठली हवा भरलीय ती. टायर मधोमध झिजणार आणि ओल्या डांबरावर पकड कमी होणार. एलटीचं रबर बऱ्याचदा कडक मिश्रणाचं असतं. गोव्यात चार महिने पाऊस, तेव्हा हे सोडून चालत नाही.

काट्याची पावती आहे ना, मग तिचाच हिशेब करा. मागचा एक्सल ११६०, म्हणजे एका चाकाला ५८०. एलटी ४० हवेला ८४५ घेतो. जवळपास ४५ टक्के राखीव. डांबरावर पुढे-मागे ३८–४० पुरे. छतावर कॅरियर आणि मागे जास्त सामान असेल तर मागे ४२–४५.

नंतर पडताळा घ्या. सकाळी थंड टायरची हवा मोजा, तासभर डांबरावर चालवा, थांबल्याबरोबर पुन्हा मोजा. एसएलमध्ये ४ पीएसआयच्या आसपास वाढ अपेक्षित, एलटीमध्ये ६. त्याहून जास्त वाढली तर थंड हवा कमी होती. नक्षीवर आडवी खडूची रेघ ओढून सपाट रस्त्यावर थोडं सरळ चालवलं की कडा पुसल्या की मधला भाग, तेही दिसतं. गरम टायरमधून हवा मात्र सोडायची नाही.

रबर_पात्रांव
काट्याचा हिशेब मान्य, एकाच अटीवर. पावती सपाट काट्यावरची आहे. उतारावर गाडी आडवी झाली की खालच्या चाकावर एक्सलचं साठ-पासष्ट टक्के वजन येतं, म्हणजे मागे साधारण ७०० ते ७५० किलो. तिथे वेग कमी असतो म्हणून निभावतं. टायरला हळू वेगात जास्त भार झेपतो, म्हणून तर कच्च्यात हवा उतरवता येते. पण २० हवेवर बाहेर पडून तशीच चोर्ला घाटात पळवली तर दोष टायरचा नाही.

केपेंचो_थारवालो
म्हणजे मला ई लागतच नाही? मुख्य भीती जांभ्याची आहे. जांभ्याची धार साइडवॉल कापते, म्हणून दहा प्लायकडे वळलो होतो.

चिरेखण_०८
इथेच सगळ्यांची गल्लत होते. "दहा प्लाय" म्हणजे आत दहा थर नव्हेत. तो जुन्या सुती टायरच्या ताकदीशी केलेला दर आहे. खरे थर टायरवरच बारीक अक्षरांत छापलेले असतात. 'ट्रेड'पुढे (नक्षीचा भाग) पॉलिएस्टर, स्टील, नायलॉन किती आणि 'साइडवॉल'पुढे किती, ते टॉर्च मारून वाचा. साइडवॉलपुढे २ पॉलिएस्टर असलेले ई टायरही मिळतात आणि ३ असलेले सी (ई च्या खालचा लोड रेंज) सुद्धा. जांभ्यासाठी तो ३ महत्त्वाचा. त्याबरोबर खांद्यावरून साइडवॉलवर उतरणारे रबराचे ठोकळे हवेत.

आणखी एक. एलटी सी (१०८/१०४, सहा प्लाय दर, कमाल ५०) आणि ई, एकाच मापात एकाच हवेला जवळजवळ सारखाच भार घेतात. ई फक्त पुढे ८० पर्यंत हवा भरू देतो. थारला ८० कधीच लागणार नाही. तरी त्यासाठी दर टायरला ३–४ किलो जास्त ओढायचे, त्यात एक मागच्या दाराच्या बिजागरीवर. ब्रेक, सस्पेन्शन, डिझेल, सगळ्यांवर तो भार पडतो. लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), छतावर तंबू असं कायमचं लादलेलं असेल तर ई घ्या. तुमच्या वजनाला तीन थरांचा एलटी सी मिळाला तर तो, नाहीतर चांगल्या साइडवॉलचा एसएल १११.

हवेचं बोलायचं तर जांभ्याच्या खडीत फार खाली जाऊ नका. एसएल असो वा सी, २२–२४ पुरे. १८ केली की साइडवॉल बाहेर फुगते आणि नेमकी तीच दगडाला लागते. चिखलात १८ चालेल, वेग तीसच्या आत. वाळूचा हिशेब सोडा, किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे.

घाटवाट
दुकानात गेल्यावर बघायच्या गोष्टी सांगतो, कारण टायर रिमवर चढला की कुणी परत घेत नाही.

१११ च्या खालचा इंडेक्स एसएलमध्ये घेऊ नका. याच मापात १०९ (१०३० किलो) मिळतो, दुकानदार "सेम साइज" म्हणून गळ्यात मारतो. सी चा १०८ त्याहूनही लहान दिसेल, पण तो ५० हवेचा आकडा. त्याची तुलना इंडेक्सशी नको, तक्त्याशी करा. वेगाचं अक्षर एस (ताशी १८० किमी) वरून क्यू (१६०) वर उतरलं तर रस्त्यावर फरक जाणवणार नाही, पण विम्याच्या वेळी वाद कशाला? आयएसआय शिक्का हवाच. तारखेचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. पाचही टायर शक्यतो एकाच काळातले घ्या.

व्हॉल्व्ह नवे घाला. नेहमीचे रबरी दाबून बसवायचे व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचे असतात, तुमच्या ४० ला पुरतात. ई घेऊन कुणी कधी ७०–८० भरलीच तर धातूचे, नटवाले लागतील. टायरवाल्या पोऱ्याला आधीच बजावा, साइडवॉलवरचा मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, भरायची हवा नव्हे.

चिरेखण_०८
पाचवा विसरू नका. थारच्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल (फिरण्यातला फरक सांभाळणारे गिअर) नसतं. वेगळ्या घेराचा स्टेपनी लावून ४एच मध्ये (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) कोरड्या डांबरावर चालवलं तर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरपेटी) आवळून बसते. पाचही सारखे घ्या, दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनी धरून फिरवा. एका एक्सलवर एसएल आणि एलटी कधी मिसळू नका.

कॉम्प्रेसर घ्याल तर बॅटरीला क्लिप लावायचा. सिगारेट सॉकेटवरचा २४५ मापाला धापा टाकतो आणि फ्यूज उडवतो. आणि चाकं बसवल्यावर ८०–१०० किलोमीटरनी नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणारा पाना) पुन्हा तपासा, आकडा गाडीच्या पुस्तकातला.