कटाची आमटी, बेकिंग सोडा आणि लाल झालेली सीट

सर्वांना नमस्कार,

पाडव्याच्या जेवणाहून परतताना कटाच्या आमटीचं पातेलं गाडीच्या मागच्या सीटवर कलंडलं. सीट कापडी आहे, फिकट राखाडी. घरी पोचताच बेकिंग सोडा ओला करून घासला, तर पिवळा डाग डोळ्यांदेखत विटकरी लाल झाला! गाडी लीजवरची आहे, ऑगस्टमध्ये परत करायची आहे. शेजारीच धाकट्याची कार सीट असते, तिच्या पट्ट्यांवरही थेंब उडालेत. कुणी हळदीचा डाग काढला असेल तर कृपया सांगा.

– मिसिसागाहून

---

अगं, सीट गेलेली नाही, घाबरू नकोस. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना देऊनच करायचे ना? तुझ्या सोड्याने तेच केलं. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल होतं, आम्लात परत पिवळं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन फडक्याने टिप. लाली उतरेल. डाग मात्र अजून तिथेच असेल.

तो हटत नाही त्याला कारण फोडणी. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि तेल त्याला धाग्यात आत घेऊन जातं. म्हणून पहिल्यांदा तेल काढायचं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब, पांढरं फडकं, आणि कडेकडून मध्याकडे टिपत यायचं. घासलंस की डाग पसरतो आणि कापडाला लव सुटते. साबणाने पुन्हा लालसर दिसलं तर परत व्हिनेगरचं बोट. शेवटी साध्या पाण्याने साबण पुरता काढ, राहिला तर त्याच जागी धूळ धरते.

सीट वाळली की औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघ. फडक्यावर घ्यायचं, सीटवर ओतायचं नाही. गाडी बंद, दारं सताड उघडी, मुलं लांब. पिवळेपणा फडक्यावर येत जाईल, दर वेळी फडक्याची कोरी बाजू घे. मग जे फिकट उरेल ते उन्हावर सोड. आपल्याकडे हळद लागलेलं लुगडं उन्हात वाळत टाकायचे, कारण उजेडात कर्क्युमिन मोडतं. मागच्या दारातून ऊन थेट सीटवर येईल अशी गाडी लाव.

पाणी कमीत कमी. आत फोम आहे, सीट गरम करणाऱ्या तारा असू शकतात. फोम ओला राहिला तर वास कुबट येतो आणि तो काढणं हळदीपेक्षा अवघड.

धाकट्याच्या कार सीटच्या पट्ट्यांना यातलं काहीही लावू नकोस. अल्कोहोल, व्हिनेगर, ब्लीच, काहीच नाही. अपघातात लेकराला त्याच धरतात. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तेवढंच, बहुधा सौम्य साबण आणि पाणी. डाग राहिला तर राहू दे.

– स्कारबरोचे काका

---

काका, हेच लेदरच्या सीटला चालेल का? आणि इथे कॅनडात हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे पायाखालच्या कार्पेटवर पांढरे नकाशे उमटलेत, त्याचं काय?

– ओकव्हिलहून

---

लेदरला अल्कोहोल अजिबात नको. हल्लीच्या बहुतेक लेदरवर रंगाचा आणि संरक्षक थर असतो, तोच निघून येतो. लेदरसाठीचा सौम्य क्लीनर आणि मऊ ब्रश, बस. छिद्रांच्या सीटवर फवारा मारू नका.

मिठाला तेच निम्मंनिम्मं व्हिनेगर-पाणी, कोमट. टिपा, व्हॅक्यूमने पाणी ओढून घ्या आणि कार्पेट खालूनही वाळू द्या. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि खालच्या पत्र्याला गंज चढतो, म्हणून हे काम उन्हाळ्यावर ढकलू नका.

– काका

---

काका, दोन शनिवार गेले. डाग आता मलाच शोधावा लागतो. अल्कोहोलपेक्षा उन्हाने जास्त काम केलं असं वाटतं. पट्ट्यांवर एक पिवळा ठिपका आहे, तो तसाच ठेवलाय. आता सगळ्या सीटना कव्हरं घालू का?

– मिसिसागाहून

---

शाब्बास! पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल असेल तर तिथे साधं कव्हर घालू नकोस, एअरबॅग अडकू शकते. त्यासाठी बनवलेलंच घे. मागे कार सीटखाली काही टाकायचं तर आधी तिची पुस्तिका बघ. आणि पुढच्या वेळी पातेलं डिकीत, खोक्यात, भोवती पंचा कोंबून.

– काका