जुनी डिझेल गाडी घेतल्याबरोबर निघालेला मोठा खर्च : दुरुस्त करावी, विकावी की दाद मागावी?

वारजेकर (प्रश्न)

गेल्या महिन्यात पिंपरी-चिंचवडमधील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून मी २०१५ची, बीएस-४ प्रदूषण मानकाची डिझेल सेदान ४ लाख १० हजार रुपयांना घेतली. मीटरवर ७८ हजार किलोमीटर होते आणि निगडीपर्यंत चालवून पाहिली तेव्हा खटकण्यासारखे काही आढळले नाही. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढत असताना मात्र इंजिनाचा दिवा लागला, गाडीची ओढ एकदम गेली आणि अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिनाचे फेरे अडीच हजारांच्या वर जाईनात. गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती नीट चालली, पण पुढच्या चढाला पुन्हा तेच झाले.

गॅरेजमध्ये दाखवली असता टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), चारही इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) आणि फ्लायव्हील या जड चाकासह क्लचचा संच बदलावा लागेल, असे सांगून १ लाख ३५ हजारांचे एस्टिमेट हाती देण्यात आले. विक्रेता हात वर करतो आहे. ‘गाडी तपासून, जशी आहे तशी घेतली, नंतर कोणतीही तक्रार करणार नाही’ अशा कागदावर माझी सही असल्याचे तो दाखवतो. माझे रोजचे जाणे-येणे वारजे ते हिंजवडी आहे. गाडीच्या किमतीच्या जवळजवळ एक-तृतीयांश रक्कम आणखी घालावी, आहे त्या अवस्थेत विकावी की ग्राहक आयोगाकडे जावे, याबाबत जाणकारांनी मत द्यावे.

पंपनोझल

गॅरेजने तुम्हाला सुट्या भागांची यादी दिली आहे, निदान दिलेले नाही. स्कॅनर लावून गाडीच्या संगणकातून बिघाडाचा कोणता कोड निघाला, हे त्यांना आधी लेखी विचारा. पी०२९९ असेल तर टर्बोकडून पुरेसा दाब मिळत नाही असा त्याचा अर्थ होतो आणि पी००८७ असेल तर कॉमन रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, डिझेलचा दाब कमी पडतो आहे असे समजावे. हे दोन वेगळे आजार आहेत. दोन्हींची औषधे एकदम घेण्याचे कारण नाही.

हवेचा दाब कमी असेल तर पहिला संशय इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) रबरी होजवर आणि तिच्या क्लॅम्पवर घ्यावा. होज चिरली की जागेवर उभ्या गाडीत काही कळत नाही, पण घाटात दाब वाढला की ती चीर उघडते, काळा धूर येतो आणि इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद रोखून धरते. तुमचे वर्णन याच्याशी बरेच जुळते. त्यानंतर व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) तपासावेत. टर्बोत हलत्या पात्यांची रचना असेल तर ती पाती काजळीने अडकली आहेत का, हे पाहावे, कारण गर्दीत रखडत चालणाऱ्या गाड्यांत हे फार होते. टर्बोचा नंबर या सगळ्यानंतर लागतो. हवेचा पाइप काढून टर्बोचा शाफ्ट (पंख्याचा दांडा) बोटाने हलवून पाहता येतो. बाजूला किंचित हलणे स्वाभाविक असते. आत-बाहेर हलत असेल किंवा पंख्याची पाती कवचाला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो खराब झाला आहे. तसे निघाल्यास तो का गेला, हे विचारल्याशिवाय नवा बसवू देऊ नका. त्याला तेल पोहोचवणारी नळी जळक्या तेलाने चोंदलेली असते आणि ती साफ न करता बसवलेला नवा टर्बोही फार काळ टिकत नाही.

इंजेक्टरची लीक-ऑफ चाचणी गाडीवरच होते. प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारे डिझेल वेगवेगळ्या बाटलीत घेतात आणि ज्याची बाटली लवकर भरते तो गळका असतो. चारही एकाच वेळी गेले असे क्वचितच घडते. संशयित इंजेक्टर पंप-नोझलच्या (डिझेल पंप व इंजेक्टर दुरुस्तीच्या) दुकानात बेंचवर तपासून घ्या आणि आकड्यांचा छापील कागद मागा. मात्र त्याआधी डिझेल फिल्टर उघडून आत धातूची चमकदार भुकटी आहे का, ते पाहा. ती असेल तर हाय-प्रेशर पंप झिजतो आहे आणि तीच भुकटी नव्या इंजेक्टरांनाही खाईल. गाडी विकण्याचा विचार मी फक्त त्या एका परिस्थितीत करेन.

राहिला क्लच. क्लच घसरत असता तर फेरे चढले असते आणि वेग वाढला नसता. तुमच्याकडे नेमके उलट घडले आहे. ही बाब यादीत का आली, याचे उत्तर गॅरेजने द्यायला हवे.

ग्राहकपक्ष

तांत्रिक तपासणी होईपर्यंत एकही भाग बदलू नका आणि बदलावाच लागला तर जुना भाग ताब्यात ठेवा, कारण दोष नाहीसा झाल्यावर तो सिद्ध करणे अवघड होते.

विक्रेता व्यावसायिक आहे, ही तुमची जमेची बाजू आहे. एखाद्या गृहस्थाने स्वतःची गाडी विकली असती तर ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला नसता आणि दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागला असता. २०१९च्या कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि वकील देणेही सक्तीचे नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. काही विक्रेते तेवढ्यानेच बोलायला बसतात.

सहीच्या कागदाबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. १९३०च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ व्यापाऱ्याकडून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा असे मानते आणि खरेदीदाराने माल तपासलेला असल्यास त्या तपासणीत दिसायला हवे होते तेवढेच दोष त्यातून वगळते. इंजेक्टरची गळती चक्कर मारून दिसत नाही, हा तुमचा युक्तिवाद होऊ शकतो. परंतु कलम ६२प्रमाणे ही गर्भित (न लिहिताही कायद्याने धरलेली) हमी कराराने वगळता येते आणि विक्रेता त्याच कलमाचा आधार घेईल. त्यामुळे त्याने काही खोटे सांगितले का, याला महत्त्व येते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ‘इंजिन एकदम ओके’ छापाचे संदेश आणि मीटरवरचे किलोमीटर हे सारे जपून ठेवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी क्रमांकावरून जुन्या नोंदी मागवा. तिथे ७८ हजारांपेक्षा मोठा आकडा आधीच नोंदलेला निघाला तर प्रकरणाचा रंगच पालटतो, कारण फसवणूक झाली असेल तर त्या कागदाचा आडोसा पुरत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन विभागाचे अधिकृतता प्रमाणपत्र लागते. प्रत्यक्षात पुष्कळजण मूळ मालकाच्या सह्या असलेले मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० वापरून गाडी थेट तुमच्या नावावर करतात, म्हणजे कागदोपत्री विक्रेता कुठेच नसतो. पैसे कोणाच्या खात्यात गेले, हा पुरावा अशा वेळी सर्वांत मोलाचा ठरतो.

हिंजवडीचा प्रवासी

विकण्याची घाई करू नये, असे माझेही मत आहे, पण कारण निराळे आहे. दिवा लागलेल्या डिझेल गाडीला बाजारात कोणी भाव देत नाही, शिवाय ‘डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद’ ही दिल्ली परिसरातील नियमावरून पसरलेली समजूत पुण्यातले दलाल किंमत पाडायला खुशाल वापरतात. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे तुमच्या गाडीला २०३०पर्यंत अडचण नाही. मात्र वारजे ते हिंजवडी या रखडत्या रस्त्याला डिझेल मानवत नाही. दुरुस्तीनंतर अधूनमधून महामार्गावर ती मोकळी पळवत जा. विम्याकडून अपेक्षा ठेवू नका, कारण नेहमीच्या पॉलिसीत झिजेचे आणि यांत्रिक बिघाडाचे पैसे मिळत नाहीत.

वारजेकर

सर्वांचे आभार. कोड पी०२९९ निघाला. दुसऱ्या गॅरेजमध्ये पाहिले तेव्हा इंटरकूलरची होज खालच्या बाजूने चिरलेली आढळली. टर्बोचा शाफ्ट ठीक आहे. तिसरा इंजेक्टर जास्त गळतो, फिल्टरमध्ये भुकटी नाही. क्लचला तूर्त हात लावू नये, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. सर्व्हिसच्या जुन्या नोंदी अजून मिळालेल्या नाहीत. विक्रेत्याला कोडचा कागद पाठवल्यावर तो इंजेक्टरचा निम्मा खर्च द्यायला तयार झाला आहे, पण त्याबदल्यात ‘यापुढे काही मागणी नाही’ असे लिहून मागतो. द्यावे का?

ग्राहकपक्ष

नोंदी हाती येईपर्यंत देऊ नका. मीटर खरा निघाला तर निम्मा खर्च घेऊन मोकळे व्हावे, आणि तेव्हाही ‘तिसऱ्या इंजेक्टरपुरती’ हे शब्द कागदावर घालून घ्यावेत.

पंपनोझल

इंजेक्टर बदलला की त्यावर छापलेला कोड स्कॅनरने इसीयूत (इंजिनाच्या संगणकात) भरून घ्या. काही गॅरेजवाले हे टाळतात आणि मग गाडी आयडलला (इंजिन चालू ठेवून उभी असताना) थरथरते. होजसोबत क्लॅम्पही नवेच बसवा.